कवळीमास्तरांनी घेतलेला रस्त्याचा ठसा

आमच्या भागात दात दुखला की माणूस डॉक्टरकडे जातो आणि दात संपले की कवळीमास्तरांकडे. मधला काळ ज्याने त्याने आपल्या हिमतीवर काढायचा.

मास्तर शाळेतले नव्हेत. त्यांनी जन्मात कोणाला काही शिकवलेलं नाही. शिकवायला गेले असते तर मुलाच्या उत्तराऐवजी त्याच्या सुळ्यांकडे बघत बसले असते. धंदा कवळ्या बनवण्याचा. डॉक्टरांनी घेतलेले जबड्यांचे ठसे मास्तरांकडे येतात. मास्तर त्यांत प्लास्टर ओतून जबडा उभा करतात, मेणात दात रोवतात, घासूनपुसून गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी तयार करतात. मग ती कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घालतात, डबा सायकलच्या टोपलीत ठेवतात आणि स्वतः पोचवायला निघतात. दुकान म्हणजे माझ्या बिऱ्हाडाखालची एक खोली. फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले. पहिल्यांदा आत येणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी विनोदी केलं आणि सगळी खोली हसतेय. कपावर, चष्म्यावर, भुवयांवर पांढरी भुकटी. मास्तर शिंकले की खोलीत धुकं पडतं.

लग्न केलं नाही. कारण विचारलं तर प्रामाणिकपणे सांगतात, "एकीला मागणी घातली होती. ती लाजून हसली. मी म्हणालो, खालचे पुढचे दोन दात जरा गर्दी करतायत. ती गेली ती गेलीच."

व्यसन त्यांना एकच, प्रश्नांचं. एकदा प्रश्नाचा भुंगा डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत मास्तर ना धड खात ना धड झोपत. माणूस उजव्या बाजूने जास्त चावतो की डाव्या, हा प्रश्न पडला तेव्हा ते रोज बेकरीसमोर उभे राहून पाव खाणाऱ्यांची तोंडं न्याहाळायचे. शेवटी बेकरीवाल्याने हात जोडले. "मास्तर, गिऱ्हाईक घाबरतंय हो. पाव तोंडात धरून पळत सुटतंय."

अशा माणसाचं हक्काचं म्हणावं असं घर एकच होतं, थोरल्या बहिणीचं. दर रविवारी दुपारी मास्तर अंगावरची भुकटी झटकून, इस्त्रीचा शर्ट घालून ताईकडे जेवायला जात. ताईच्या जेवणाच्या टेबलाशी खिडकीकडची खुर्ची त्यांची. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तर ताई त्याला पाणी आणायला म्हणून उठवायची आणि परत बसू द्यायची नाही.

ताईचा नवरा, म्हणजे मास्तरांचे भावोजी, ट्रकवाले. लोकांची घरं हलवायची, कपाटं-पलंग इकडून तिकडे न्यायचे, हा धंदा. माणूस मनाने लोण्यासारखा आणि आवाजाने हॉर्नसारखा. वर्षाला ट्रकचा भरभक्कम कर भरतात आणि भरला की रस्ता खरेदी केल्यासारखे वागतात. वाटेत खड्डा लागला तर उतरून आत डोकावतात, आपले पैसे तिथे पडलेत का ते बघायला.

त्या रविवारी भावोजी जेवता जेवता वर्तमानपत्र वाचत होते. एकाएकी त्यांनी टेबलावर थाप मारली. मिठाची बाटली आडवी झाली.

"वा! उशिरा का होईना, नगरपालिकेला अक्कल आली!"

"कसली?" ताईने बाटली उभी केली.

"सायकलींवर कर लावायचा म्हणतायत. रस्त्यांच्या डागडुजीसाठी. कर भरला की सायकलला लावायला बिल्ला. बिल्ला नसेल तर मोठ्या रस्त्यावर यायचं नाही. त्याच्यावर जाहीर सुनावणी आहे. लेकाचे फुकटात रस्ता वापरतात, वर मधोमध चालवतात! हॉर्न दिला तर असे वळून बघतात, जसा काही मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत ट्रक घातलाय."

"मी कडेने चालवतो," मास्तर बटाट्याची फोड चमच्याने अर्धी करत म्हणाले.

"तुम्ही कडेने चालवता, मेहुणे. पण कडासुद्धा आमच्याच पैशाची!"

"म्हणजे मी फुकट्या?"

"आता मी नाव घेतलं का कोणाचं?" भावोजी हसले. "पण नीट बघायला गेलं तर हो. फुकट्याच की!"

शब्द अगदी खणखणीत उमटला. तसा तो उमटू शकला याचं कारण भावोजींच्या तोंडातली वरची कवळी. ती मास्तरांनीच बनवली होती आणि तिचा एक पैसाही घेतला नव्हता. हे टेबलाभोवतीच्या तिघांनाही माहीत होतं. भावोजींना ते शब्द सुटल्यावर आठवलं, ताईला सुटायच्या आधीच आठवलं होतं, आणि मास्तरांना आठवलंच नाही. ते त्या शब्दाकडे, भिंगाखाली धरलेल्या दाढेकडे बघावं तसे बघत होते.

"अहो," ताईचा आवाज खाली आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, "ज्या दातांनी हे बोललात ते कुठून आले?"

"थांब गं ताई. दातांचा इथे संबंध नाही," मास्तर म्हणाले. "भावोजी म्हणतात ते खरं असलं तर? इतकी वर्षं मी सायकल हाकतोय. रस्ता कोणाच्या पैशाने होतो, माझ्या चाकाने तो झिजतो का, झिजला तर किती, हे मी कधी कोणाला विचारलंच नाही! कमाल आहे की नाही?"

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि उठून शर्ट सारखा केला.

"बस खाली," ताई म्हणाली.

"रागावलो नाहीये गं. पण हे कळेपर्यंत मला इथे जेवता यायचं नाही. मी फुकट्या असलोच, तर निदान दोन ठिकाणी नको."

आणि गेले. भावोजी उघड्या दाराकडे बघत राहिले. "अगं, मी गंमत केली."

"गंमत तोंडात ठेवायची असते."

"येईल पुढच्या रविवारी. जातोय कुठे?"

पुढच्या रविवारी खुर्ची रिकामी राहिली.

मास्तर ताईच्या टेबलावरून उठले ते त्याच दुपारी थेट नगरपालिकेच्या कचेरीत गेले होते. रविवार म्हणून ती बंद होती, हे त्यांना दारावर डोकं आपटल्यावर कळलं. सोमवारी पुन्हा गेले. करवसुलीच्या खिडकीत एक बाई बसतात. त्यांच्या चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरचा माणूस चुकीच्या खिडकीशी आलाय आणि तो दुसऱ्या खिडकीशी गेला तरी चुकीच्याच खिडकीशी जाणार आहे.

"रस्ते दुरुस्त करायला पैसे कुठून येतात?" मास्तरांनी विचारलं.

"तक्रार आहे?"

"नाही, कुतूहल आहे."

बाईंनी बाजूच्या टेबलाकडे बघितलं. कुतूहलाची खिडकी कुठली, ते तिथेही कोणाला ठाऊक नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "घरपट्टीतून येतात बरेचसे. गाड्यांचा कर वर सरकारकडे जातो. त्यातला काही फिरून आमच्याकडे येतो. कधी येतो आणि किती येतो, ते आम्हीसुद्धा विचारत असतो. तुम्ही घरपट्टी भरता ना?"

"दुकानाची भरतो."

"मग झालं तर. रस्त्याला दिलेत की पैसे."

"पण बाई, दुकान कुठे रस्त्यावर फिरतं? फिरते सायकल."

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत, आपण भरतोय तो कर पुरेसा नसेल अशी शंका घेऊन आलेला हा पहिलाच मनुष्य. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि आतल्या इंजिनिअरसाहेबांकडे पाठवलं.

इंजिनिअर तरुण, हसतमुख आणि कामाला पक्का. त्याने कागदावर चाकं काढून दाखवली. वजन वाढलं की रस्त्याची झीज नुसती वाढत नाही, पटींच्या पटींत वाढते. भरलेला ट्रक एका फेरीत जे करतो ते सायकलींच्या झुंडीला वर्षानुवर्षं जमायचं नाही. "सायकलने होणारी झीज नगण्य, मास्तर."

"नगण्य म्हणजे किती?"

"म्हणजे मोजायच्या लायकीची नाही."

"पण आहे?"

"असेल. पण..."

"कसं आहे साहेब," मास्तर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "जीभ किती हलकी! पण ती रोज दाताला टेकत राहिली तर दात जागचा सरकतो. मी बघितलेत तसे जबडे. तेव्हा हलक्याचं काही चालत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

"मास्तर, रस्त्याला जीभ कोण लावतंय?" इंजिनिअर हसत म्हणाला, आणि तो बरोबरच होता. पण मास्तर दुसऱ्याच्या तोंडाबद्दलसुद्धा ठसा बघितल्याशिवाय बोलत नाहीत. मग रस्त्याबद्दल कसं बोलतील?

ठरलं. रस्त्याचा ठसा घ्यायचा.

योजना बघायला गेलं तर शास्त्रशुद्ध होती. एक ठसा मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्याचा, जिथे ट्रक वळतात. दुसरा बेकरीमागच्या बोळातल्या खळग्याचा. त्या बोळाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलाय, त्यामुळे आत फक्त सायकली आणि माणसं शिरतात. काही महिन्यांनी पुन्हा ठसे घ्यायचे, जुने-नवे शेजारी ठेवायचे, कोणी किती झिजवलं ते दिसेल. मास्तरांनी रविवारची सकाळ निवडली, कारण रस्ता रिकामा असतो. आणि तसंही रविवारी त्यांना आता कुठे जायचं नव्हतं.

सकाळी बादली, रबरी वाडगं, पातं आणि प्लास्टरची अख्खी गोणी सायकलच्या मागे बांधून मास्तर कोपऱ्यावर गेले. ब्रशने खड्डा झाडला. प्लास्टर कालवलं, ओतलं आणि रस्त्यावर पालथे पडून त्याच्याकडे डोळे लावून बसले. सवयीने म्हणालेसुद्धा, "जरा वेळ तसंच राहायचं हं. हलायचं नाही."

रस्ता हलला नाही. पण गर्दी जमली. न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट आला. बेकरीवाला आला. पोलीस आला.

"काय चाललंय?"

"ठसा घेतोय."

"कोणाचा?"

"रस्त्याचा."

पोलिसाने वहाणेच्या टोकाने खड्ड्याला स्पर्श केला. "का? काय केलंय रस्त्याने?"

"रस्त्याने काही नाही केलं. मी केलंय का, ते बघतोय."

पोलीस चक्रावला. गुन्हा कबूल करायला आलेली माणसं त्याने पाहिली होती, पण स्वतःचा गुन्हा शोधायला निघालेला पहिल्यांदाच बघत होता. त्याने वाकून प्लास्टरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अरे, हे तापलंय!"

"घट्ट होताना तापतंच. गार झालं की काढतो."

दोन्ही ठिकाणी ओतून झालं. प्लास्टर गार झालं. मास्तरांनी पातं कडेने घातलं आणि उचकटलं. हललं नाही. पुन्हा उचकटलं. बेकरीवाल्याने हात लावला, न्हाव्याने लावला, अर्ध्या दाढीनेसुद्धा जोर लावला. प्लास्टर ढिम्म.

मास्तर कपाळावर हात मारून रस्त्यातच बसले. चूक त्यांना तिथल्या तिथे कळली. ती कवळ्या बनवणारा माणूसच करू शकतो. डॉक्टरांकडून येणारा ठसा रबरासारखा मऊ असतो. त्यात प्लास्टर ओतायचं आणि घट्ट झालं की ठसा केळ्याच्या सालीसारखा सोलून टाकायचा. हातांना जन्मभराची हीच सवय. प्लास्टर ओतलं की बाकीचं आपोआप सोलून निघतं, या भरवशावर त्यांनी ओतलं होतं. चिकटू नये म्हणून रस्त्याला आधी तेल लावायचं डोक्यातच आलं नाही. आता प्लास्टर काढायचं तर रस्ता सोलावा लागला असता.

"ठसा राहू दे, मास्तर," न्हावी म्हणाला. "तुम्ही तर दाढ भरून दिलीत रस्त्याला!"

पोलिसाने डोकं खाजवलं. रस्ता खणला तर काय करायचं ते त्याला माहीत होतं. रस्ता भरला तर काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. "परत करू नका," असं मोघम बोलून तो गेला.

आता ही बातमी ताईच्या कानी जाणार नाही असं कसं होईल? दुपारीच ती डबा घेऊन दुकानात आली. जबड्यांच्या रांगेसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना दटावल्यासारखी म्हणाली, "रस्त्यावर पालथं पडतोस? या वयात? घे, जेव. आणि टेबलावरचं नाही म्हणू नकोस. थेट पातेल्यातलं आणलंय."

"पातेलं टेबलावरच असतं ना तुझ्याकडे?"

"नव्हतं! गॅसवर होतं. मुद्दाम तिथेच ठेवलं होतं."

मास्तरांनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि हळूच लावलं. "नको ताई. हे खाल्लं तर मला उत्तराची घाई होईल. घाईत माणूस आपल्याला सोयीचं तेच उत्तर घेतो."

ताई खाली बसली. मग म्हणाली, "तुझी खुर्ची मी भिंतीला लावून ठेवलीय. ते तिच्यावर पेपर ठेवतात. मी उचलते. ते परत ठेवतात. आमचं बोलणं तेवढंच चाललंय सध्या."

"भावोजी काय म्हणतात?"

"काय म्हणणार! चूक कळलीय, पण तोंड उघडत नाही. त्यांचा ट्रक तरी मागे जातो. ते जात नाहीत." तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच रागावली. "तू फुकट्या असलास तर असू दे ना! माझा भाऊ आहेस. फुकट जेवायचं नाही तर काय तिकीट काढून जेवायचं?"

ताई गेल्यावर मास्तरांनी डबा पुसून, झाकण घट्ट लावून, माझ्याकडे आणून दिला. मी कुठल्याही प्रश्नात अडकलेलो नसल्याने तो रिकामा करून परत पोचवला.

कोपऱ्यावरच्या पांढऱ्या चकतीवरून दुसऱ्याच दिवशी भावोजींचा ट्रक वळला. मागून पांढरी धूळ उठली तशी सवयीप्रमाणे भावोजी उतरून बघायला गेले. खड्ड्यात भुगा. तो भुगा त्यांनी ओळखला. दर रविवारी मेहुण्याच्या शर्टाच्या कॉलरवर तोच असायचा. कोणाला काही न बोलता ते ट्रकमध्ये चढले. त्या दिवशी त्यांनी हॉर्न वाजवला नाही, असं न्हावी शपथेवर सांगतो.

बोळातली चकती मात्र टिकली. सायकलवाले आधी तिला वळसा घालून जायचे, मग गुळगुळीत लागते म्हणून मुद्दाम तिच्यावरून जायला लागले. मास्तर रोज जाऊन गुडघ्यावर बसायचे आणि भिंगातून बघायचे. कवळी कुठे जास्त टेकते ते कळायला जो निळा कागद दातांत धरायला देतात, तो चाकाखाली ठेवून बघायचे. आणि एका संध्याकाळी ते जिन्यावरून धावतच माझ्याकडे आले. चेहरा असा, जसा काही त्यांना गुप्तधन सापडलंय.

"रेघ पडलीय! केसासारखी बारीक आहे, पण आहे! इंजिनिअरसाहेबांचं खरं, नगण्यच आहे. पण माझंही खरं, आहे! म्हणजे मी थोडासा फुकट्या आहे!"

आपण थोडेसे फुकटे आहोत या बातमीने इतका आनंदलेला माणूस मी पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशीच ताईकडे जाऊन सांगतो, म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी प्लास्टर आलं. होतं ते रस्त्यात गेलं होतं, म्हणून मास्तरांनी नवीन मागवलं होतं. दारात मोठा ट्रक उभा राहिला. हमालाने गोण्या पाठीवर घेऊन आत टाकल्या आणि घाम पुसला. मास्तर त्याला पाणी द्यायला बाहेर आले आणि भांडं हातात धरून ट्रकच्या चाकाकडे बघतच राहिले.

"कुठून आणता हो हे?"

"गोदामातून."

"आणि गोदामात?"

"खाणीकडून. दोन दिवसांचा रस्ता आहे."

"ट्रकनेच?"

"मग काय सायकलने आणणार, मास्तर? कंबर मोडेल सायकलची!"

हमाल गेला. मास्तर गोणीवर बसले. केसाएवढ्या रेघेचा आनंद कुठल्या कुठे गेला होता. मी खाली गेलो तेव्हा ते गोणीवर थोपटत म्हणाले, "बघा, मी उभ्या जन्मात ट्रक चालवला नाही. आणि तरी माझ्यासाठी ट्रक चालतच होता. माझं प्लास्टर, माझं मेण, ताईच्या घरचे बटाटे, सगळं ट्रकने येतं. सायकलवर बसून मी रस्त्याला रेघ पाडतो आणि दुकानात बसून खड्डा! आता मी कोण, ते सांगा."

मी शेजारच्या गोणीवर बसलो. आणि ताईकडे जायचं पुन्हा राहिलं.

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेचं सभागृह भरून गेलं होतं. एका अंगाला सायकलवाले, दुसऱ्या अंगाला गाड्यावाले, मधे पंख्याखाली अध्यक्षबाई. त्यांच्या शेजारी इंजिनिअर. मागच्या रांगेत ताई. सायकलवाल्यांनी त्यांच्यातले सर्वांत जुने म्हणून मास्तरांना बोलायला उभं केलं होतं. ज्या माणसाने रस्ता स्वतःच्या प्लास्टरने भरला तो काय ठणकावून बोलेल, अशी त्यांची अपेक्षा. समोरच्या रांगेत ट्रकवाल्यांमध्ये भावोजी मान खाली घालून बसले होते.

मास्तर उभे राहिले. "सायकलने रस्ता झिजतो," त्यांनी सुरुवात केली.

सायकलवाल्यांमध्ये चुळबुळ झाली. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगदी थोडा झिजतो. इंजिनिअरसाहेब म्हणतात तसा, मोजायला गेलं तर हाताला लागत नाही इतका. ट्रकने भरपूर झिजतो."

आता सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण त्या ट्रकमध्ये माझी गोणी असते."

आता कोणीच वाजवल्या नाहीत.

"म्हणजे कर कोणी भरायचा, ते चाकावरून ठरवायचं की गोणीवरून? बिल्ला सायकलला लावायचा की मला? मी घरपट्टी भरतो, तीही रस्त्याला जाते म्हणतात. तेवढी पुरते का? मला खरंच माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा. मी त्याच्यासाठीच आलोय."

"अहो, तुम्ही आमच्या बाजूने बोलणार होतात!" सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक ओरडला.

"बाजू कळली की बोलेन ना."

"बाजू कशाला कळायला पाहिजे?" मागून कोणीतरी म्हणालं. "तो समोर बसलाय तो मेहुणा आहे यांचा! दर रविवारी तिथे फुकट जेवतात, मग काय बोलणार?"

भावोजी ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"कोण म्हणालं फुकट?" तो हॉर्न इतक्या दिवसांनी वाजला. "कोण म्हणालं? माझ्या एका शब्दावर माझ्या घरचं जेवण सोडलंय त्याने! किती रविवार झाले, खुर्ची रिकामी आहे! फुकट जेवतो? अरे, हे बघा!"

आणि भावोजींनी वरची कवळी बाहेर काढून सगळ्यांसमोर उंच धरली. भाषण मात्र थांबवलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं अत्यंत कळकळीने, हातवारे करून आणि एक अक्षरही न कळेल अशा रीतीने झालं. ओठ फडफडत होते, डोळ्यांत पाणी होतं, कवळी हवेत इकडून तिकडे फिरत होती. ट्रकवाले आ वासून बघत होते. मास्तर डोळे बारीक करून कवळीकडे बघत होते. डाव्या दाढेवर जरा जास्त दाब येतोय, हे त्यांना तिथूनही दिसलं असणार.

"हे टिपणात काय लिहू?" टिपण घेणाऱ्या कारकुनाने हळूच विचारलं.

"एक नागरिक भावनावश झाले, असं लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आधी दात आत घाला बरं!"

भावोजींनी दात आत घातले, सभेकडे बघून म्हणाले, "एवढंच सांगायचं होतं," आणि खुर्ची उचलून बसले. काय सांगितलं ते कोणालाच कळलं नव्हतं, पण विरोध करायची हिंमत एकालाही झाली नाही.

अध्यक्षबाई बराच वेळ पेन्सिलने टेबल वाजवत राहिल्या. "हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. नगरपालिकेच्या सभागृहात हे वाक्य उच्चारलं की समिती जन्माला येते. तशी ती आली. बिल्ल्याचा ठराव तूर्त बाजूला. रस्त्याच्या खर्चाचा वाटा कोणी किती उचलावा याचा विचार करायला तिघांची समिती: इंजिनिअर, गाड्यावाल्यांतर्फे भावोजी, सायकलवाल्यांतर्फे मास्तर. सायकलवाल्यांनी कुरकुर केली, पण दुसरं कोणी पुढे आलं नाही.

"बसणार कुठे?" इंजिनिअरने विचारलं. "सगळ्यांना मोकळा दिवस रविवारच, आणि रविवारी कचेरी बंद."

मागच्या रांगेतून ताई उभी राहिली. तिला कोणी बोलायची परवानगी दिली नव्हती आणि तिने मागितलीही नाही.

"माझ्याकडे बसा. दुपारी. टेबल मोठं आहे."

अध्यक्षबाईंनी तेही लिहून घ्यायला सांगितलं.

त्या रविवारी मी ताईकडे का होतो, याचं सरळ उत्तर असं की मला बोलावलं नव्हतं. इंजिनिअर वेळेवर आला, काखेत नकाशाची गुंडाळी. मग सायकलची घंटा वाजली. मास्तर इस्त्रीच्या शर्टात दारात येऊन थांबले. आत येईनात.

"ताई, उत्तर अजून मिळालेलं नाही."

"समिती कशाला बसलीय मग? आणि समितीला जेवण लागतं की नाही? विचार साहेबांना."

इंजिनिअरने तत्परतेने मान हलवली. स्वयंपाकाचा वास त्याने आधीच घेतला होता.

मास्तर तरीही उंबऱ्यातच. भावोजी उठले. भिंतीला लावलेल्या खुर्चीवरचा पेपर उचलला, घडी घातली, इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीबाहेर टाकून दिला. खुर्ची आणून जागेवर ठेवली.

"मेहुणे," ते म्हणाले. घसा खाकरला. "तो शब्द..."

"कुठला?"

"तोच तो. मी मागे घेतो."

मास्तर आत आले. "मागे नका घेऊ, भावोजी. तो खरा की खोटा ते ठरवायलाच तर बसायचंय आपल्याला. मधे ठेवा."

"मधे म्हणजे कुठे?"

"इथे. टेबलावर. सगळ्यांच्या हाताला लागेल असा. कदाचित तो तुम्हालाही लागू पडेल. साहेबांनाही."

"मला?" इंजिनिअर दचकला. "मी तर पायी चालतो!"

"पायी? आणि चपला कुठून येतात तुमच्या?" भावोजी एकदम पुढे सरसावले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "चामडं कशातून येतं, बोला! ट्रकमधून!"

"बरोबर!" मास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "आणि ट्रकचा टायर?"

"टायर... टायर पण ट्रकमधूनच," भावोजी विचारात पडले. "मग त्या ट्रकचा टायर?"

नकाशाची गुंडाळी कोणी सोडलीच नाही. ताई पातेलं घेऊन आली आणि ते तिने टेबलाच्या बरोबर मधे ठेवलं.

"आधी जेवा. मग भांडा."

"जेवताना भांडलो तर चालेल का गं?" भावोजींनी विचारलं.

"चालेल," मास्तरांच्या ताटात वाढत ताई म्हणाली, "उठून कोणी जायचं नाही, एवढंच."